कस्टम मॅप बनवायला किती वेळ लागतो? क्राफ्टलँड, फोर्टनाइट आणि काउंटर-स्ट्राइक २ ची तुलना

मित्रांबरोबर खेळायला स्वतःचा मॅप बनवायचाय, हाताशी शनिवार-रविवार आहे आणि रोज रात्री जेवणानंतरचे तास-दीड तास आहेत, पण कशात बनवायचा तेच ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. तीन पर्याय घेतलेत: मोबाइलवर फ्री फायर मॅक्समधलं क्राफ्टलँड, फोर्टनाइटचं क्रिएटिव्ह (आणि त्याच्या पुढचं यूईएफएन), आणि काउंटर-स्ट्राइक २ चं हॅमर. एडिटर तिन्हीकडे फुकट मिळतो त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे वेळेचा आणि थोडाफार तुमच्या मशीनचा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मॅपला दोन वेगळे वेळ लागतात. एक म्हणजे तो उभा करायला, म्हणजे भिंती, दारं, जिने, पेट्या, स्पॉन (खेळाडू जिथून सुरू होतो ती जागा), लाइट वगैरे. दुसरा म्हणजे तो खेळण्यालायक व्हायला, म्हणजे माणसं गोळा करायची, खेळायचं, कुठली टीम उगाचच सारखी जिंकतेय ते बघायचं, एखादी भिंत हलवायची, परत माणसं गोळा करायची. पहिला वेळ टूलप्रमाणे प्रचंड बदलतो, एका संध्याकाळपासून कित्येक महिन्यांपर्यंत. दुसरा मात्र फारसा बदलत नाही, कारण तिथे अडतं ते तुमच्या मित्रांच्या सवडीवर. लोक टूल निवडताना फक्त पहिल्या वेळेचा हिशोब करतात आणि मग अर्ध्यात सोडून देतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी विचारलं तर मी आधी हेच विचारतो, टेस्ट करायला हक्काची माणसं किती आहेत तुझ्याकडे?

क्राफ्टलँडचं पटकन उरकतो. फोनवरच सगळं होतं, तयार वस्तू उचलायच्या आणि ठेवायच्या, तयार टेम्प्लेट घेऊन त्यात बदल करायचे, आणि एका संध्याकाळी तुम्ही आणि तुमचे चार मित्र त्यात पळत असता. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही आणि ज्यांच्याकडे पीसी नाही त्यांनी पुढचं सगळं न वाचता इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कुठून शत्रू दिसतो, कुठे आडोसा हवा, ही समज फोनवरही तेवढीच येते. अडचण एवढीच की बोटाने अगदी अचूक माप धरणं अवघड जातं आणि गुंतागुंतीचं काही करायला गेलं की लहान स्क्रीनवर जीव मेटाकुटीला येतो. साधा मॅप एका संध्याकाळीत, नीट मॅप आठ-पंधरा दिवसांत, असा अंदाज धरा.

आता फोर्टनाइट. क्रिएटिव्ह मोड डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि यूईएफएन, म्हणजे अनरियल इंजिनवर चालणारा मोठा एडिटर, मार्च २०२३ मध्ये. दोन्ही एकच समजू नका. क्रिएटिव्हमध्ये तुम्ही गेमच्या आतच उडत उडत बांधता, तयार घरं, तयार भिंतींच्या गॅलऱ्या, आणि नियम बसवायला डिव्हाइसेस: प्लेअर स्पॉनर, आयटम ग्रँटर, कॅप्चर एरिया, एलिमिनेशन मॅनेजर. एका डिव्हाइसचा इव्हेंट दुसऱ्याला जोडला की काम झालं, कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. पार्टीतले मित्र थेट तुमच्या आयलंडवर (फोर्टनाइटमध्ये मॅपला आयलंड म्हणतात) येतात, भिंत आवडली नाही तर गेम थांबवायचा, भिंत हलवायची, गेम परत सुरू करायचा. हा जो बदल करून लगेच खेळून बघण्याचा वेग आहे ना, तो या तिघांत फोर्टनाइटइतका मला कुठेच मिळाला नाही. दोन टीमचा साधा मॅप एका वीकेंडमध्ये उभा राहतो, यात अतिशयोक्ती नाही.

यूईएफएनला गेलात की हिशोब बदलतो. विंडोजचा पीसीच लागतो, डाउनलोड अवाढव्य आहे, आणि व्हर्स नावाची वेगळी प्रोग्रॅमिंग भाषा आहे जी तुम्हाला पायथन किंवा सी शार्प येत असलं तरी पहिल्यांदा विचित्रच वाटते. बदल्यात स्वतःची मॉडेल्स आणता येतात, जमीन हवी तशी घडवता येते, स्वतःचे नियम लिहिता येतात. एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो कारण ती उशिरा कळते: प्रत्येक आयलंडला मेमरीचं एक लाख युनिटचं बजेट असतं, आणि नवीन वस्तू जितक्या वेगवेगळ्या तितकं ते लवकर संपतं. तीच पेटी पन्नास वेळा ठेवली तर फारसा फरक पडत नाही पण पन्नास वेगळ्या वस्तू ठेवल्या की आकडा झपाझप वर चढतो. त्यामुळे सजावट शेवटी करू म्हणून ठेवली आणि शेवटी मेमरी भरली की मग काय काढू आणि काय ठेवू यातच आठवडा जातो. सजावटीच्या वस्तूंचा एक ठरावीक संच पहिल्याच दिवशी निवडून टाका. व्हर्स न शिकता यूईएफएनमध्ये मॅप करायचा तर दोन-तीन आठवडे, व्हर्ससकट दोन महिने तरी धरा, रोज रात्री तासभर या हिशोबाने.

फोर्टनाइटची अजून एक गोष्ट वेळ वाचवते. बिल्डिंग चालू ठेवलं तर खेळाडू स्वतःच आडोसा उभा करतो, शिवाय पळणं, भिंतीवर चढणं आहेच, म्हणून एखादा रस्ता थोडा लांब झाला किंवा एखादी जागा जास्त उघडी राहिली तरी खपून जातं. काउंटर-स्ट्राइकमध्ये काहीही खपत नाही.

आणि म्हणूनच हॅमरबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

ज्यांनी काउंटर-स्ट्राइकच्या जुन्या सोर्स इंजिनवर काम केलंय त्यांच्या डोक्यात हॅमर म्हणजे कंपाइलची (बांधलेला मॅप गेमला चालेल अशा फाइलमध्ये बदलण्याची) भीती असते. तेव्हा तीन टप्पे असायचे, व्हीबीएसपी, व्हीव्हिस, व्हीरॅड. मॅपला कुठे एवढंसं भोक राहिलं की लीक, आणि लीक असला की व्हीव्हिस चालायचंच नाही. बारीकसारीक ब्रश (भिंती-पेट्यांचे साधे घन ठोकळे) डीटेलमध्ये, म्हणजे हिशोबाबाहेर, टाकायला विसरलात तर कुठल्या कोपऱ्यातून काय दिसतं याचा हिशोब करत कॉम्प्युटर तासन्‌तास बसायचा. टीम फोर्ट्रेस २ साठी मॅप करणारे आजही याच इंजिनवर आहेत. सीएस २ सप्टेंबर २०२३ मध्ये आला तो सोर्स २ वर, त्यात ब्रशऐवजी मेश (हवा तसा आकार देता येणारे पृष्ठभाग) आहेत, मॅप हवाबंद ठेवायची सक्ती गेली, आणि कच्चा कंपाइल पटकन होतो. पूर्ण लाइटिंग बेक करायचं (प्रकाश-सावली आधीच मोजून मॅपमध्ये पक्की करायची) तर रे ट्रेसिंगवालं ग्राफिक्स कार्ड हवं, ते नसेल तर इथे गाडी अडते, म्हणून साधा लॅपटॉप असलेल्यांनी आधी हे तपासा आणि मगच उतरा.

पण कंपाइल पटकन होतो म्हणून मॅप पटकन होतो असं नाही. हॅमरमध्ये खरा वेळ खातं ते टायमिंग. एक उदाहरण देतो. सीएसमध्ये दोन टीम असतात, बॉम्बसाइटवर (बॉम्ब लावायच्या ठरलेल्या जागेवर) बॉम्ब लावणारी टी आणि तिला रोखणारी सीटी. हातात सुरी असताना माणूस सेकंदाला २५० युनिट (मॅपमधलं अंतराचं माप) पळतो, एके-४७ हातात असली की २१५ आणि एडब्ल्यूपी (लांबून मारायची स्नायपर रायफल) असली की फक्त २००. समजा तुमच्या मॅपमध्ये मधलं एक दार आहे, टी स्पॉनपासून ते २५०० युनिट लांब आणि सीटी स्पॉनपासून २०००. सुरी काढून पळणारा टी बरोबर १० सेकंदांत दारात. एडब्ल्यूपी हातात धरून निघालेला सीटीही बरोबर १० सेकंदांत तिथेच. म्हणजे दोघं एकाच क्षणी समोरासमोर, पण एकाच्या हातात सुरी. आता सीटी स्पॉन २०० युनिट पुढे घेतला की एडब्ल्यूपीवाला एक सेकंद आधी पोचतो, स्कोप लावून उभा राहतो आणि टी टीमसाठी ते दार कायमचं बंद होतं. स्पॉन हलवायला तुम्हाला दहा सेकंदं लागली, पण त्याचा परिणाम खरंच काय झाला ते कळायला पाच विरुद्ध पाच माणसं बसून निदान एक हाफ, म्हणजे अर्धी मॅच, खेळायला हवा, आणि दहा माणसं एका वेळी ऑनलाइन आणणं हे कुठल्याही एडिटरपेक्षा अवघड काम आहे, ज्याने केलंय त्याला विचारा.

त्यामुळे हॅमरमध्ये सुरुवातीला एकट्यानेच बरंच काही तपासून घ्यावं लागतं. करड्या रंगाच्या डेव्ह टेक्स्चरमध्ये (टेस्टपुरत्या साध्या आवरणात) फक्त ठोकळे उभे करायचे, सुरी काढून स्टॉपवॉच लावून दोन्ही स्पॉनवरून प्रत्येक बॉम्बसाइटला पळायचं, आकडे वहीत लिहायचे. बॉम्ब फुटायला ४० सेकंद, त्यामुळे ए साइटवरून बी साइटवर फिरून यायला सीटीला किती वेळ लागतो हा आकडा त्याशेजारीच लिहायचा. हे झाल्याशिवाय एकही सुंदर टेक्स्चर लावायचं नाही. मग मॅप वर्कशॉपवर (स्टीमवर मॅप शेअर करायची जागा) फ्रेंड्स-ओन्ली करून टाकायचा, मित्र सबस्क्राइब करतात आणि खेळता येतं, पण प्रत्येक बदलाला परत कंपाइल, परत अपलोड, परत सगळ्यांचं डाउनलोड, म्हणजे फोर्टनाइटमध्ये जे दोन मिनिटांत होतं त्याला इथे अर्धा तास सहज जातो.

काउंटर-स्ट्राइकचा डस्ट २ मॅप बघा ना. डेव्ह जॉन्स्टनने तो २००१ मध्ये केला, सगळ्यांच्या पायाखालचा मॅप, डोळे मिटून खेळता येईल असा. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्यात बदल केला आणि टी स्पॉनवरून मिडच्या (मॅपच्या मधल्या भागातल्या) दारातून पळणारे सीटी दिसायचे ते बंद केलं, कारण राउंड सुरू होताच तिथे फुकटात किल मिळायचा. वीस वर्षं जगभर खेळलेल्या मॅपमध्ये एवढी एक नजरेची रेघ दुरुस्त करावी लागली. मग आपल्या पहिल्या मॅपला महिना जास्त लागला तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही.

पाच-पाचचा, दोन साइटचा पूर्ण डिफ्यूजल (बॉम्ब लावायचा-निकामी करायचा) मॅप एकट्याने, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून करायचा तर नुसत्या ठोकळ्यांच्या लेआउटला एक-दोन महिने, आणि सजवून, लाइट लावून, लोकांसमोर ठेवण्याजोगा व्हायला सहा महिने ते वर्ष, असं मी कोणालाही सांगेन. घाबरवायला सांगत नाहीये. ज्याला काउंटर-स्ट्राइक मनापासून आवडतो त्याला हे सहा महिने गोड लागतात, एखादा अँगल जमला की दिवस चांगला जातो. पण ज्याला पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर धमाल करायचीय त्याने इथे येऊ नये.

मधला रस्ता मात्र आहे आणि तो फार कमी लोक घेतात. सीएस २ च्या विंगमन मोडसाठी मॅप करा. दोन विरुद्ध दोन, एकच बॉम्बसाइट, म्हणजे बांधकाम निम्म्याहून कमी आणि टेस्टला चारच माणसं. चार माणसं कुठल्याही मंगळवारी रात्री मिळतात. महिन्या-दीड महिन्यात खेळण्यालायक विंगमन मॅप अगदी शक्य आहे. किंवा त्याहून लहान, एका हॉलचा मॅप. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेल्यांना पूल डे आठवत असेल, एक हॉल, दोन स्विमिंग पूल, खाली पडलेल्या बंदुका, संपलं. तोच पूल डे जून २०२४ मध्ये सीएस २ मध्ये अधिकृतपणे आला. लहान मॅप म्हणजे कमी दर्जाचा मॅप असं अजिबात नाही.



तर ठरवायचं कसं? फोनच आहे तर क्राफ्टलँड, विचारच करू नका. पीसी आहे पण मित्र कधी येतील याचा भरवसा नाही, दोन येतील नाहीतर आठ येतील, तर फोर्टनाइट क्रिएटिव्ह, कारण कितीही माणसं आली तरी तिथल्या तिथे मॅप जुळवून घेता येतो आणि आलेली संध्याकाळ वाया जात नाही. यूईएफएन तेव्हाच घ्या जेव्हा क्रिएटिव्हमध्ये एक मॅप पूर्ण झालाय आणि तुम्हाला नेमकं माहितीये की तिथे काय करता आलं नाही. आणि ठरलेले चार जण असतील, आठवड्यातून एक रात्र नक्की बसणारे, आणि ग्राफिक्स कार्ड बरं असेल, तर हॅमर उघडा, विंगमनचा मॅप करा. लागोपाठ तीन आठवडे कोणी लेआउटबद्दल तक्रार केली नाही की लेआउट फ्रीझ करा, तारीख लिहून ठेवा, आणि त्यानंतरच टेक्स्चरला हात लावा, कारण सजवलेली भिंत हलवायला ठोकळ्याच्या भिंतीपेक्षा दसपट वेळ लागतो आणि सजवून झाली की ती हलवायचा जीवच होत नाही.