राहुरीचं रायझोबियम हरभऱ्याला, दोन रब्बी वापरून लिहितोय

अमळनेर तालुक्यात आमची काळी जमीन, रब्बीला दिग्विजय वाणाचा हरभरा ठरलेला. तीन वर्षांपूर्वी जवळच्या एका दुकानातून रायझोबियमचं जिवाणू खत घेतलं होतं (हे जिवाणू पिकाच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरतात), त्यांनी पाकिटं बाहेर पत्र्याखाली रचलेली, घरी येऊन बघितलं तर तारीख उलटून गेलेली. झाडं उपटली तर मुळं कोरी, एक गाठ नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण गल्लीतले सगळे म्हणायला लागले की हे जिवाणू वगैरे सगळी फसवणूक आहे, ते फार लागलं मनाला.

मग मेहुण्याने राहुरीहून आणलं, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. विद्यापीठ १९६८ चं, तिथला वनस्पती रोगशास्त्र आणि कृषी अणुजीवशास्त्र विभाग हे बनवतो. चांगल्या गाठीतून जिवाणू वेगळा काढायचा, तो वाढवायचा आणि लिग्नाइट कोळशाच्या काळ्या भुकटीत मिसळून पाकीटबंद करायचा. गाठीतून जिवाणू वेगळा काढणं बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये पहिल्यांदा जमवलं, आणि आज तेच आपल्या शेतात २५० ग्रॅमच्या पाकिटात येतं, मला तर याचं अजून नवल वाटतं.

१० किलो बियाण्याला एक पाकीट, एकरी आम्हाला तीन लागतात. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करायचं, मग त्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, साल निघता कामा नये, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) लावायचा असेल तर तो आधी. रासायनिक बुरशीनाशकाच्या पाण्यात हे कालवू नका, मरतं हो, जिवंत वस्तू आहे.

चाळीसेक दिवसांनी वाफशावर एक झाड खुरप्याने मातीसकट काढलं, बादलीत हळूच धुतलं. मुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठींचे झुपके! एक गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी लाल, म्हणजे गाठ कामाला लागलीय, हवेतलं नत्र धरतेय. आई बांधावरून वाकून बघत म्हणाली, "हाई काय शे रे, रगत?" तिला सांगितलं की रक्तातल्यासारखाच पदार्थ असतो तो, तर तिने ते झाड परत पुरायला लावलं. मुद्दाम पेरणीच्या दोन ओळी जिवाणू न लावता तशाच सोडल्या होत्या, तिथे गाठी होत्या पण चार-दोन, त्याही बारीक आणि आतून फिक्या.

पाकिटावर तारीख आणि पीक दोन्ही स्पष्ट छापलेलं असतं. तुरीचं वेगळं येतं, हरभऱ्याचं तिला चालत नाही, म्हणून मागताना पिकाचं नाव नक्की सांगा आणि घरी आणेपर्यंत गाडीच्या डिकीत तापू देऊ नका.