साकवापलीकडची शाळा आणि तिचे भित्तिपत्रक : एका पालकाचा अभिप्राय

मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट १७, शिक्षक २, खोल्या २, आणि पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, ओलांडल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. मुंबई सोडून आम्ही गावी परतलो तेव्हा माझी मुलगी या शाळेत दुसरीत दाखल झाली. आता ती चौथीत आहे. गावी परतू पाहणारी कुटुंबे मला वरचेवर विचारतात, की मुलांना वाडीच्या शाळेत घालावे की रोज गाडीने तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात पाठवावे. दर वेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा अभिप्राय. शाळेचे किंवा कोणाचेही नाव मी जाणूनबुजून दिलेले नाही.

शाळेची पारख करायला मला सर्वांत उपयोगी पडले ते तिचे भित्तिपत्रक. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुले ते स्वतः हाताने लिहितात. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांची कोरी बाजू वर घेऊन चार पाने खळीने जोडायची, समास पट्टीने आखायचा आणि ज्याने बातमी लिहिली त्याचे नाव तिच्याखाली घालायचे, अशी पद्धत आहे. एक प्रत शाळेच्या पडवीत लागते, दुसरी एसटीच्या निवारा शेडमध्ये लागते आणि तिचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतात, त्यामुळे वाडीतले चाकरमानीही मुंबईत बसून ते वाचतात. प्रत्येक बातमीत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, असा बाईंचा दंडक आहे : काय केले, किती झाले आणि काय राहिले.

या तिसऱ्या गोष्टीमुळे हे पत्रक माझ्या दृष्टीने मोलाचे ठरले. ‘राहिले’ या मथळ्याखाली मी वाचलेली काही वाक्ये अशी आहेत : ‘भेंडीला कीड लागली, चार झाडे उपटली.’ ‘पाच जणांना नऊचा पाढा आला नाही, पुढच्या महिन्यात परत म्हणायचा आहे.’ ‘वाचनपेटीतली दोन पुस्तके सापडत नाहीत.’ मुलगी मुंबईत ज्या शाळेत होती तिथेही दर सहा महिन्यांनी गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत पत्रिका घरी येत असे, परंतु तीत पाहुण्यांचे सत्कार आणि दीपप्रज्वलन एवढेच असायचे. माझे मूल त्या सहा महिन्यांत काय शिकले आणि कुठे अडले, हे त्या पत्रिकेवरून मला कधीच कळले नाही. इथे ते एसटीची वाट पाहणाऱ्या कोणालाही कळते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण बातमी लिहिणाऱ्यांपैकीच कोणीतरी नऊच्या पाढ्यात अडलेला असतो.

पावसाचा आकडा हे या पत्रकातले सर्वांत जुने सदर आहे आणि त्याचा उगम एका अडचणीत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ खाडीपलीकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्या शाळेची कौले उडाली आणि त्यानंतर छपरावर पत्रे चढले. पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळू लागला की दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. अशा वेळी बाई शिकवणे थांबवतात, फळ्यावर सूचना लिहितात आणि मुले मूक वाचन किंवा लेखन करतात. अशाच एका दिवशी एका मुलाने पाटीवर ‘किती पाऊस पडला?’ असे लिहून पाटी बाईंपुढे धरली. त्या प्रश्नातून शाळेचे पर्जन्यमापक तयार झाले.

सरळ अंगाची एक प्लॅस्टिकची बाटली, तिचा कापलेला वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला, तळाचा ओबडधोबड खळगा सिमेंटने भरून सपाट केलेला आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली, एवढीच त्याची रचना आहे. शाळेलगत राहणारी एक मुलगी रोज सकाळी साडेआठला त्यातला आकडा वहीत टिपते. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजते, हे गुरुजींनी मुलांना सांगितले तेव्हापासून तिने ती वेळ सहसा चुकवलेली नाही. पुढे चौथीच्या मुलांनी या आकड्यावरून छपरावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सूत्र सोपे आहे. प्रश्न होता छपराच्या मापाचा. छप्पर उतरते असल्यामुळे पत्रे मोजून चालणार नव्हते. पागोळ्यांनी अंगणात जे खळगे पाडले होते, त्यांच्या ओळीपासून पलीकडच्या ओळीपर्यंत गुरुजींनी मुलांना फीत धरायला लावली. लांबी १५ मीटर, रुंदी ८ मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर. त्या महिन्यातल्या सर्वांत मोठ्या पावसाचा आकडा ९६ मिलिमीटर होता. एका दिवसात छपरावरून वाहून गेलेले पाणी ११,५२० लिटर, असे चौकटीत लिहून त्याखाली ‘राहिले’मध्ये त्यांनी लिहिले : ‘हे सगळे पाणी पऱ्याला गेले. उन्हाळ्यात आम्ही घरून बाटली आणतो.’

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत हे पत्रक वाचून दाखवण्यात आले. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आमच्या समितीत त्या नुसत्या कागदावर नाहीत, आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहणाऱ्या त्याच असल्यामुळे पाण्याचा आकडा त्यांना लगेच भिडला. वर्गणी काढून पन्हळ बसली, १,००० लिटरची टाकी आली आणि स्वच्छतागृहाला व हात धुण्याला पाणी मिळू लागले. साधारण नऊ मिलिमीटर पावसात ही टाकी भरते, हेही मुलांनीच आधी काढून ठेवले होते.

एवढ्या लहान शाळेत मूल मागे पडेल, त्याला सोबत आणि चुरस मिळणार नाही, अशी भीती मलाही होती. प्रत्यक्षात उलटा अनुभव आला. साठ मुलांच्या वर्गात एखाद्याला वर्षभर मान खाली घालून बसता येते. सतरांच्या शाळेत तशी सोय नसते. पाऊस कोणीतरी टिपलाच पाहिजे, परसबागेतल्या पडवळाला मांडव कोणीतरी घातलाच पाहिजे, पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवताना कोणीतरी शेजारी बसलेच पाहिजे, आणि ते ‘कोणीतरी’ फिरून फिरून प्रत्येक मूल होते. एका खोलीत दोन इयत्ता बसत असल्यामुळे दुसरीतल्या मुलाच्या कानावर तिसरीचे धडे वर्षभर पडत राहतात. माझी मुलगी आली तेव्हा चारचौघांत तोंड उघडत नव्हती. तिसरीत असताना तिने वेळासच्या सहलीची बातमी लिहिली आणि सभेत उभे राहून वाचली.

वेळास आमच्याच तालुक्यात आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या मदतीने तिथे त्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. घरट्यातली अंडी कुंपण घातलेल्या जागेत वाळूतच पुन्हा पुरतात, वर टोपली झाकतात, आणि सुमारे पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर आली की त्यांना समुद्राच्या दिशेने सोडतात. हे सगळे मुलांना आधी वर्गात सांगून झाले होते. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, ही गोष्ट तर मला या पत्रकातूनच समजली. मुलीच्या बातमीतले शेवटचे वाक्य असे होते : ‘आम्ही १८ पिल्ले मोजली. एक लाटेने उलटे पडले. आम्हाला हात लावू दिला नाही. ते आपले आपण सुलटे झाले.’ बाईंनी त्यात एकही शब्द बदललेला नव्हता, फक्त ‘उलटे’मधली मात्रा दुरुस्त केली होती.

सहली याखेरीजही होतात. २४ डिसेंबरला साने गुरुजींच्या जयंतीनिमित्त मुले दापोली तालुक्यातल्या पालगडला, त्यांच्या जन्मगावी, जाऊन आली आणि डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे तर तालुक्यातच आहे. २०२४ पासून राज्यात सुरू झालेला आनंददायी शनिवार इथे खरोखर दप्तराविना पार पडतो. दुपारचे जेवण साधे पण ताजे असते. नियमाप्रमाणे प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ मिळतो, आणि परसबागेतला माठ किंवा दोडका त्या दिवशी खिचडीत पडला तर पत्रकात त्याचीही नोंद होते.

आता उणिवा. पत्र्यांचा आवाज ही मी मोठी उणीव मानतो. त्याखाली अस्तर घालणे हे टाकीपेक्षा आधी व्हायला हवे होते, असे माझे मत आहे. गेल्या वर्षी गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी नवे शिक्षक येईपर्यंत तीन महिने बाईंनी चारही इयत्ता एकटीने सांभाळल्या. त्या तीन महिन्यांत पत्रक निघाले, परंतु गणित मागे पडले, आणि ते ‘राहिले’मध्ये प्रामाणिकपणे लिहिलेही गेले. शिक्षकांचा बराच वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. शाळेत नेटवर्क नसल्यामुळे त्यासाठी बाईंना सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढावे लागते आणि तेवढा वेळ वर्ग एका शिक्षकावर येतो. इंग्रजी वाचन मुलांना जमते, बोलणे जमत नाही. ज्यांना पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जायचे आहे त्यांनी घरी तयारी करून घेणे आवश्यक आहे. खेळायला सपाट मैदान नाही, कातळाचा एक तुकडा आहे, आणि पावसाळ्यात तो शेवाळामुळे निसरडा होतो. टाकीचे पाणी पाऊस संपल्यानंतर जेमतेम काही दिवस पुरते. मार्चच्या मध्यावर पऱ्या आटला की परसबागही आटोपते आणि मुलांच्या हातात पुन्हा घरच्या बाटल्या येतात. साठवण मोठी केल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि त्यासाठी लागणारा पैसा सतरा घरांच्या वर्गणीतून उभा राहण्यासारखा नाही. मुंबईतल्या आमच्या चाकरमान्यांच्या ग्राममंडळाने याकडे लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रवेशाविषयी थोडेसे. शाळा १५ जूनला उघडते. फी नाही, पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, पहिलीसाठी वयाची सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर लागत असेल तरी त्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमचा दाखला पाच आठवड्यांनी आला, पण मुलगी पहिल्याच दिवशी वर्गात बसली. शाळा पाहायला यायचे असेल तर गणपतीच्या सुटीत किंवा शिमग्याला येऊ नका, तेव्हा ती बंद असते आणि तुम्हाला फक्त स्वच्छ झाडलेले अंगण दिसेल. जुलैत, भर पावसात, शाळा चालू असताना या. एसटीतून उतरलात की आधी निवारा शेडमधले पत्रक वाचा आणि मग साकव ओलांडा.