बारा-तेराच्या लेकराचा एक धड फोटो: स्टुडिओ, फुटाळा की घरची खुर्ची?

लेकरू लहान होतं तोवर काही प्रश्नच नव्हता, मोबाइल धरला की दात दाखवत उभं राहायचं, आता बारावं लागलं आणि कॅमेरा वर केला की हात तोंडावर नाहीतर सरळ दुसऱ्या खोलीत. आणि नेमकं याच वयात आईबापाला वाटते की एक धड फोटो काढून ठेवावा, कारण चेहरा भराभर बदलून राहिला आहे. वाटणं बरोबरच आहे म्हणा. मुली साधारण ८ ते १३ च्या मधात वयात यायला लागतात, मुलं ९ ते १४, म्हणून एकाच बाकावरच्या दोघांत एकाचे गाल अजून गुबगुबीत आणि दुसऱ्याला मिसरूड, असं सर्रास दिसते. दुधाचे शेवटचे दात बहुतेकांचे १० ते १२ मध्ये पडतात, मग ब्रेसेस, मग पिंपल्स, नाक आणि जबडा पण याच काळात वाढतात. आपल्या नागपुरात तर याची अजून एक पक्की खूण आहे, तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा. ज्या वर्षी पोरगं लाकडी बैल घेऊन बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ) मागायला जायचं नाव काढलं की "मी नाही येत, ते लहान पोट्ट्यांचं असते" म्हणते, त्या वर्षी समजून जायचं.

तर फोटो कुठे काढायचा? रस्ते तीन. सीताबर्डी, धरमपेठ, सदर, महाल कुठलाही स्टुडिओ, किंवा एखादा फ्रीलान्स फोटोग्राफर घेऊन बाहेर शूट, किंवा घरीच आपण. लोक तुलना करताना कॅमेरा कोणता, पॅकेज केवढ्याचं, एडिट केलेले फोटो किती मिळणार, एवढंच विचारतात. माझं म्हणणं असं की या वयात पहिला प्रश्न एकच, फोटो निघत असताना लेकराकडे कोण कोण बघून राहिलं आहे? सहा वर्षांच्या पोराला शंभर लोकांनी बघितलं तरी फरक पडत नाही, उलट ते अजून नाचते. तेरा वर्षांच्याला शाळेतला एक जण दिसला तरी फोटो संपला. बाकी सगळं, लेन्स, लाइट, बॅकग्राउंड, यानंतर.

आधी बाहेरचं शूट, कारण सध्या सगळ्यांना तेच पाहिजे. इन्स्टावर छान दिसते, तळं, झाडं, मागचं सगळं धूसर. नागपुरात जागांची कमी नाही, फुटाळा आणि अंबाझरीची तळी, सेमिनरी हिल्सचं जपानी गार्डन, तेलंखेडी, सिव्हिल लाइन्सचे मोठ्या झाडांचे रस्ते. पण फुटाळ्याचं गणित समजून घ्या. तिथला सूर्यास्त बघायला लोक जातात, म्हणजे संध्याकाळी लेकराला तळ्याकडे पाठ करून उभं केलं तर सूर्य त्याच्या मागे आणि चेहरा काळा, मग फोटोग्राफर रिफ्लेक्टर काढतो, तो चांदीसारखा गोल पडदा चमकला की चौपाटीवरचे सगळे भुट्टा खाता खाता वळून बघतात, आणि तुमचं लेकरू जमिनीत जाऊ पाहते. जो हसरा चेहरा काढायला आलो तो तिथेच गेला. दहा-अकराचं मोकळं पोरगं असेल तर काही नाही, त्याला पळायला सांगा, दगडावरून उडी मारायला सांगा, भन्नाट फोटो येतात. खरं तर हालचाल करणाऱ्या पोरासाठी बाहेरचं शूटच सगळ्यात चांगलं, खुर्चीवर बसवून त्याचं तोंड उगाच वाकडं होते. पण लाजणारं असेल तर फुटाळा नकोच, रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्समधला एखादा आतला रस्ता बघा, तिथे बघायला कोणी नसते.

वेळेचं पण सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बाहेरचं शूट म्हणजे लेकराला शिक्षा, घाम, लाल डोळे आणि दर दोन मिनिटाला "झालं का?" नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या थोडं नंतर बुडतो, म्हणून चारलाच पोहोचा, पाचला निघतो म्हणाल तर कपडे नीट करेपर्यंत अंधार. पावसाळ्यातला ढगाळ दिवस पण वाईट नाही, लोक उगाच घाबरतात, ढग असले की डोळ्याखाली सावल्या पडत नाहीत आणि पोरगं डोळे बारीक पण करत नाही. बागेत शूट करायचं तर गेटवर आधी विचारून ठेवा, मोठा कॅमेरा बघून अडवलं तर लेकरासमोर वाद घालत बसावं लागते.

आता स्टुडिओ. स्टुडिओ म्हटलं की आपल्याला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो आठवते, निळा नाहीतर पांढरा पडदा, "हनुवटी खाली, डोळे इकडे", खट्, झालं. म्हणून कोणी पोर्ट्रेटसाठी तिथे जात नाही. पण मी तेराच्या पुढच्या लाजाळू लेकरासाठी स्टुडिओच सांगेन, आणि ठासून सांगेन. बंद खोली, बाहेरचं कोणी नाही, काम ठरलेलं आणि वेळ पण ठरलेला. अनोळखी माणूस आहे हा उलट फायदा आहे, कारण या वयाची पोरं अनोळखी माणसासमोर जरा मोठ्यासारखी वागतात, आईसमोर मात्र तोंड पाडून बसतात. जुना हात असलेला स्टुडिओवाला बोलत राहतो, शाळा कोणती, क्रिकेट की फुटबॉल, आणि पोरगं उत्तर द्यायला तोंड उघडून परत मिटते ना, त्या मधल्या क्षणाला बटण दाबतो. हे मी समोर बघितलं आहे. स्टुलावर पाठ ताठ, एक मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडचा मऊ लाइट) बाजूने चेहऱ्याच्या जरा वर, दुसऱ्या बाजूला फक्त थर्माकोलचा पांढरा बोर्ड, एवढ्यावर काम. स्टुडिओवाल्याने पोराला "हस" म्हटलंच नाही. "खांदे सोड, श्वास सोड" एवढंच म्हणाला, आणि श्वास सोडताना चेहरा जो सैल पडला तोच फोटो निघाला.

तुम्ही खोलीत थांबा, लेकराला एकटं सोडायचं नाहीच, पण फोटोग्राफरच्या मागे उभं राहून "केस नीट कर, नीट हस ना जरा" करू नका बाप्पा. बाजूला, त्याच्या नजरेत येणार नाही अशा जागी बसा. जो स्टुडिओवाला पालकांनाच बाहेर थांबा म्हणते तिथून सरळ घरी या.

स्टुडिओत खरा घोळ नंतर होतो, एडिटिंगमध्ये. ऑपरेटर न विचारता चेहरा गोरा करून टाकते, त्वचा प्लास्टिकसारखी गुळगुळीत, गालावरचा तीळ गायब. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा असा फोटो आला की तिच्या आजीने विचारलं, ही कोण? पोरगी आरशापेक्षा गोरी केलेला फोटो बघून खूश होईल असं वाटते, पण ती त्यातून हेच शिकते की मी आहे तशी चालत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी स्पष्ट सांगायचं, रंग बदलायचा नाही, चेहरा बारीक करायचा नाही. पिंपल्सचं काय? फोटोवर हात फिरवणारे चांगले रिटचिंगवाले एक साधा नियम पाळतात, दोन आठवड्यात आपोआप जाणारं असेल तर काढायचं, कायमचं असेल तर ठेवायचं. पिंपल जाऊ शकते, तीळ राहील, कपाळावरची लहानपणीची खूण राहील. आणि ब्रेसेस तर राहूच द्या. पण पिंपल काढायचा की नाही हे लेकराला विचारा, तुम्ही ठरवू नका, काही पोरांना तो आहे तसा ठेवायचा असते.

घरचा पर्याय सगळ्यात स्वस्त आहे आणि एका फोटोसाठी सगळ्यात अवघड, कारण इथे बघणारे आपणच. पण एकापेक्षा जास्त वर्षांचा विचार असेल तर घराला तोड नाही. रिनेके डाइकस्ट्रा नावाच्या डच फोटोग्राफर बाईने १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका निर्वासित केंद्रात बोस्नियाची आल्मेरिसा नावाची लहान मुलगी खुर्चीवर बसवून काढली, आणि मग दर एक-दोन वर्षांनी, २००८ पर्यंत, तिलाच खुर्चीवर बसवून काढत राहिली. पहिल्या फोटोत पोरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. नंतर टेकतात. पुढे ती तरुण होते, आणि शेवटी तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं बाळ आहे. मागे साधी भिंत, नाटक काही नाही, तरी सगळी वाढ दिसते. अमेरिकेच्या निकोलस निक्सनने १९७५ पासून दर वर्षी आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी एकाच क्रमाने उभ्या करून काढल्या, ती पण हीच आयडिया.

आपल्याकडे हे करायचं तर तारीख एकच ठेवा. मी तान्ह्या पोळ्याचा दिवस सांगेन, मारबत, म्हणजे त्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक, बघून आलं की दुपारी चारच्या सुमाराला, बाहेर बहुतेक ढग असतात, खिडकीतून मऊ उजेड येते. वाढदिवस नको, त्या दिवशी केक आणि पाहुणे. तीच प्लास्टिकची नाहीतर लाकडी खुर्ची, तीच खिडकी, खिडकी लेकराच्या एका बाजूला, ट्यूबलाइट बंद. बैल हातात घ्यायचा की नाही हे त्याच्यावर. एखाद्या वर्षी नाही घेणार, तोही फोटोच आहे ना.

मोबाइलवर एक गोष्ट मात्र पाळा, जवळ जाऊ नका. फोनचा मेन कॅमेरा वाइड असते, तोंडाजवळ नेला की नाक मोठं दिसते आणि कान मागे जातात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला होता, फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसते. नाक वाढायच्या वयात लेकराला स्वतःचं नाक आधीच नावडते, त्यात हा सेल्फी. म्हणून पाच-सहा फूट मागे व्हा, २x करा, ब्युटी मोड बंद करा, कॅमेरा लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तुम्ही खाली बसा. डीएसएलआर पडून असेल आणि ५० एमएमची लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ २.८ च्या आसपास ठेवा, १.८ वर एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर येते.

पैशाचं थोडक्यात, स्टुडिओत प्रिंट आणि फाइलचे पैसे बहुधा वेगळे, फाइल मिळणार का हे आधीच विचारा. बाहेरच्या शूटला तासाचं नाहीतर पॅकेजचं, आणि एडिट केलेले किती फोटो ते लिहून घ्या. घरी खर्च फक्त प्रिंटचा. १२ मेगापिक्सेलचा साधा मोबाइल फोटो म्हणजे ४००० बाय ३०००, ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला २४०० बाय ३६०० लागते, म्हणजे आरामात होते. फक्त लॅबवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान होऊन जाते.

मग घ्यायचं काय? दहा-अकराचं उड्या मारणारं असेल तर हिवाळ्यात बाहेर. तेराच्या पुढचं, गप्प, दाराआड राहणारं असेल तर स्टुडिओ, आणि कोणता कपडा घालायचा ते त्याचं तो ठरवेल, तोच जुना काळा टी-शर्ट असला तरी. मधलं बाराचं असेल, आज हो उद्या नाही करणारं, तर या वर्षी घरी खुर्चीवर एक काढून ठेवा, बाकीचं त्याने स्वतः म्हटल्यावर. दोन लेकरं असतील तर दोघांना एकाच दिवशी ओढून नेऊ नका, मोठीला लहान्याच्या समोर फोटो काढायचा नसते आणि लहाना मागून तोंडं करते.

आणि बुकिंग करताना अजून एक वाक्य बोलायचं, मेसेजवर लिहून, म्हणजे पुरावा राहते: हे फोटो तुमच्या पेजवर, शोकेसमध्ये, जाहिरातीत कुठेच लावायचे नाहीत. काही जण म्हणतात अर्धं बिल कमी करतो पण इन्स्टावर टाकू द्या. याचं उत्तर तुम्ही एकट्याने देऊ नका, लेकराला विचारा, आणि ते नाही म्हणालं तर पूर्ण पैसे द्या.