ब्रोकोलिनीचं बियाणं: वडगावच्या परड्यातला अनुभव

गणपती झाल्यावर शहापुरातल्या एका दुकानातून ब्रोकोलिनीचं पाकीट आणलं. २५ बियांतल्या १९ उगवल्या, पैसे वसूल झाले. ब्रोकोली आणि चिनी काईलान (जाड देठांची एक पालेभाजी) यांच्या संकरातून जपानच्या साकाता कंपनीनं ही भाजी काढली. पण पाकिटावर लागवडीची धड माहिती नाही, हे फार खटकलं. मधला गड्डा रुपयाएवढा झाला की खुडायचा, मगच बगलेतनं कोंब जोरात फुटतात. मी दोन रोपांचा गड्डा वाढू दिला. पिवळी फुलं येऊन वाया गेला. डिसेंबरात पानांमागं मावा चिकटला, कडुनिंबाचं तेल फवारलं. आपली बेळगावची थंडी हिला मानवते. सासूबाईंनी कोवळे देठ न सोलताच लसणीच्या फोडणीत परतले, वर ओलं खोबरं. गोडसर, कुरकुरीत! पुढल्या हंगामाला दोन पाकिटं घेणार.