लवकर बोर्डिंगचे जादा पैसे: नेमके काय विकत मिळते?

पैसे भरून इतरांच्या आधी विमानात चढले, तरी विमान सुटते ठरलेल्या वेळीच. तिकिटावर सीट नंबर छापलेला असेल तर सीटही तीच राहते. म्हणजे वेळ वाचत नाही आणि जागाही बदलत नाही. उलट अरुंद खुर्चीत २०-२५ मिनिटे जास्त बसावे लागते. या पैशांत खरे हाती लागते ते डोक्यावरच्या कप्प्यातले बॅगेपुरते रिकामे खण. ते हवे असेल तर प्रायॉरिटी बोर्डिंग घ्यावे, नाहीतर पैसे खिशातच ठेवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७-८०० सारख्या एकाच मार्गिकेच्या (खुर्च्यांमधून चालायची एकच वाट असलेल्या) विमानात कंपनीनुसार १८० ते १८९ सीट असू शकतात. विमान भरलेले असेल आणि बहुतेकांकडे चाकांची बॅग असेल, तर जुन्या धाटणीच्या कप्प्यांत सगळ्यांचे सामान मावत नाही. शेवटी येणाऱ्यांच्या बॅगा गेटवरच काढून घेतल्या जातात आणि विमानाच्या पोटात टाकल्या जातात. बोइंगच्या नव्या ‘स्पेस बिन’मध्ये बॅग आडवी न टाकता कडेवर उभी ठेवतात, त्यामुळे जिथे चार बॅगा मावायच्या तिथे सहा मावतात. एअरबसनेही असेच खोल कप्पे आणले आहेत. अशा विमानात शेवटी चढणाऱ्यालाही बहुधा जागा मिळते. दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानात तर कप्प्यांची टंचाई क्वचितच जाणवते, तिथे या सेवेवर खर्च करण्यात अर्थ नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला सीआरजे-२००, एम्ब्रेअर १४५ किंवा एटीआर ७२ ही छोटी विमाने. त्यांच्या कप्प्यांत नेहमीच्या मापाची ट्रॉली बहुधा जात नाही. पहिल्या गटात चढा की शेवटच्या, बॅग विमानाच्या दारात द्यावी लागते आणि उतरल्यावर बहुधा तिथेच परत मिळते. पैसे भरण्याआधी बुकिंगमध्ये विमानाचा प्रकार जरूर पाहावा, तो फ्लाइट नंबरच्या जवळपास लिहिलेला असतो.

घोळ असा, की ‘प्रायॉरिटी’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. रायनएअर आणि विझ एअर या युरोपातल्या स्वस्त कंपन्यांकडे हा मुळात सामानाचा परवाना आहे. साध्या तिकिटावर फक्त सीटखाली बसणारी ४० x ३० x २० सेंटिमीटरची पिशवी चालते, प्रायॉरिटी घेतली की सोबत १० किलोची दुसरी बॅग नेता येते. तिचे माप मात्र दोघांचे सारखे नाही: रायनएअरला ५५ x ४० x २०, विझला ५५ x ४० x २३. तीन सेंटिमीटरचा हा फरक गेटवर महागात पडू शकतो, कारण मापात चाके आणि मूठही धरतात, आणि पुढचा कप्पा ठासून भरला की कापडी बॅग तेवढी सहज फुगते. भरलेल्या बॅगेचे माप घरीच टेपने घ्यावे. प्रत्येक फ्लाइटला या जागा मोजक्याच असतात आणि गर्दीच्या दिवशी आधीच संपतात, तेव्हा बॅग न्यायचीच असेल तर तिकिटाबरोबरच घेतलेले बरे. गेटवर मोठ्या बॅगेसाठी आकारतात ती रक्कम यापेक्षा बरीच जास्त असते. या दोन कंपन्यांच्या बाबतीत सौदा पटण्यासारखा आहे. फक्त त्याला रांगेची किंमत समजू नये, बॅगेचे भाडे समजावे.

अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीचे प्रकरण वेगळे होते. तिथे सीट नंबरच नसायचा, जो आधी चढेल तो हवी ती खुर्ची धरायचा. ‘अर्लीबर्ड’ ही तिथली जादा पैशांची सोय घेतली की चेक-इन २४ ऐवजी ३६ तास आधी आपोआप व्हायचे आणि रांगेतला नंबर सुधारायचा. त्या काळी या पैशांचे खरेच मोल होते. २७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टनेही ठरावीक सीट देणे सुरू केले, त्यामुळे ‘साउथवेस्टला अर्लीबर्ड घ्याच’ हा अजून फिरणारा सल्ला आता शिळा झाला आहे.

ठरावीक सीट देणाऱ्या मोठ्या कंपन्यांमध्ये रांग कशी लागते ते नीट पाहा. चालायला मदत लागणारे, लहान मुलांसह असलेले, बिझनेस क्लासवाले, वरच्या श्रेणीचे नियमित प्रवासी, कंपनीचे क्रेडिट कार्ड असलेले, आणि बहुतेकदा त्यांच्या मागे पैसे भरून आलेले. नोकरदारांनी भरलेल्या सकाळच्या फ्लाइटला अर्धे विमान तुमच्या आधीच आत असते. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून इकॉनॉमीत आधी खिडकी, मग मधली, मग मार्गिकेकडची सीट असा क्रम लावला आहे. तिथे नुसती खिडकी निवडली तरी गट वर सरकतो, वेगळे शुल्क नको. मात्र सर्वांत स्वस्त ‘बेसिक इकॉनॉमी’ तिकीट असेल तर खिडकी असूनही शेवटचाच गट. आपल्या गटाआधी घुसून पाहण्यातही आता अर्थ उरलेला नाही: अमेरिकन एअरलाइन्सने २०२४ च्या अखेरीस शंभराहून अधिक विमानतळांवर अशी यंत्रणा बसवली, की बोर्डिंग पास लवकर स्कॅन केला तर यंत्र आवाज करते आणि माणसाला परत पाठवले जाते.

खिडकीपासून आत येण्याचा हा क्रम उगाच ठरलेला नाही. खगोलशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी २००८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मागून पुढे, एक ओळ सोडून एक, आधी खिडकीवाले असे लोक चढतात. नंतर प्रत्यक्ष चाचणीत ती मागून पुढे गटागटाने चढवण्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगवान ठरली. कारण साधे आहे: वेळ चालण्यात नाही, बॅग वर चढवण्यात जातो, आणि एकाच वेळी जितके जण अंतराने उभे राहून ती चढवतील तितके काम लवकर उरकते. पैशांवर ठरलेले गट नेमके याच्या आड येतात, कारण त्यांत आधी खिडकी, मग मधली, मग मार्गिका असा क्रम पाळला जात नाही.

आता पैसे वाया कुठे जातात ते. सर्वांत मोठा दगा बसचा. गेटपासून विमानापर्यंत बस असेल तर पहिले चढलेले खोल आत अडकतात आणि दाराशी उभे असलेले शेवटचे लोक आधी उतरतात. अशा वेळी मुद्दाम दाराजवळ उभे राहावे. दुसरा प्रकार, पास आधी तपासून प्रायॉरिटीवाल्यांना एरोब्रिजमध्ये (गेटपासून विमानाच्या दारापर्यंतच्या बंद पुलात) किंवा जिन्यावर उभे करून ठेवण्याचा. तिसरा, दोन्ही दारे उघडण्याचा: सीट २५ व्या ओळीच्याही मागे असून पुढच्या दाराने शिरलात तर गर्दीतून वाट काढण्यातच सगळा फायदा संपतो. आणि गट पुकारल्यावर दहा मिनिटांनी पोचलात तर काही उरतच नाही. बोर्डिंग बहुधा सुटण्याच्या ३० ते ५० मिनिटे आधी सुरू होते, त्याआधीच गेटशी असावे.

सर्वांत पुढच्या, भिंतीसमोरच्या ओळीत मात्र आधी चढणे खरोखर उपयोगी. तिथे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, सगळेच वर ठेवावे लागते. बॅग आपल्या ओळीच्या वर किंवा पुढे ठेवावी. मागे ठेवली तर उतरताना सगळी रांग संपेपर्यंत थांबावे लागते.

बॅग गेटवर काढून घेतलीच, तर ती देण्याआधी पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या बाहेर काढाव्यात. पोटातल्या सामानात त्यांना मनाई आहे. औषधे, पासपोर्ट, किल्ल्या आणि लॅपटॉपही हातात ठेवावा. या वस्तू आधीपासून एका छोट्या पिशवीत वेगळ्या असतील तर दारात बॅग उघडून बसावे लागत नाही. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या कप्पे भरणार असे दिसले, की गेटवरूनच बॅगा फुकट पोटात टाकायची तयारी दाखवतात. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी थांबायला हरकत नसेल तर ती संधी घ्यावी.

फ्लाइट बदलली तर नव्या बोर्डिंग पासवर प्रायॉरिटीची खूण आली आहे का ते लगेच तपासावे, ती पुढच्या फ्लाइटला आपोआप जाईलच असे नाही. नसेल तर गेट उघडण्याआधी काउंटरवर सांगावे. भरलेली पावती आणि पासचा फोटो जपून ठेवावा. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या २०२४ च्या नियमानुसार पैसे घेऊन न दिलेल्या जादा सेवेचे शुल्क कंपनीला परत करावे लागते, आणि तशी मागणी करताना याच दोन गोष्टी लागतात.