मुलांच्या मूत्रपिंडविकार बाह्यरुग्ण विभागाचा अनुभव
माझ्या मुलाला जन्मतःच मूत्रमार्गात झडपेसारखा पडदा होता. तो शस्त्रक्रियेने काढला तरी लघवी तुंबून मूत्रपिंडांना गर्भातच झालेली इजा भरून येत नाही, हे आम्हाला मुंबईतील या बाह्यरुग्ण विभागातच प्रथम नीट समजले. आधीच्या दवाखान्याने रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक) 0.9 पाहून ‘नॉर्मल आहे’ म्हणत परत पाठवले होते. येथील डॉक्टरांनी मात्र त्याला भिंतीशी उभे करून उंची मोजली, त्या 110 सेंटिमीटरला 0.413 ने गुणून क्रिएटिनिनने भागले आणि मूत्रपिंडांच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज म्हणून कागदावर 50 लिहून दाखवले: दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा तिसरा टप्पा. मूत्रपिंडातल्या उरलेल्या सूक्ष्म गाळण्या जास्तीचा भार वाहून हळूहळू निकामी होतात, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, रक्तदाब वाढतो आणि त्याने झीज आणखी वेग घेते. शिवाय वयात येताना शरीर झपाट्याने वाढते, पण दुखावलेली मूत्रपिंडे त्याला पुरी पडत नाहीत, म्हणून तो काळ विशेष जपायचा, हे त्यांनी न कंटाळता सांगितले. प्रत्येक भेटीत रक्तदाब मुलांच्या मापाच्या पट्ट्यानेच घेतात. आहारतज्ज्ञ आठवड्यातून एकच दिवस येतात, ही मोठी उणीव आहे. रांग दोन-अडीच तासांची असते, पण तपासणीत घाई नसते. वर्षभरात उंची 5 सेंटिमीटरने वाढली, तेव्हा परिचारिकाताईंनी आलेखावरचा ठिपका त्यालाच काढू दिला.