कंडेन्सर ट्यूबची एडी करंट टेस्टिंग करून घेतली, पहिला दिवस वाया गेला
साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (कारखान्याच्या वीजनिर्मिती प्लांटमध्ये) मेंटेनन्सला आहे. ऑफ सीझनला टर्बाइनच्या सरफेस कंडेन्सरची (टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पाणी करणारा, ट्यूबवाला) एडी करंट, म्हणजे ट्यूबमधून कॉइलचा प्रोब फिरवून झीज शोधायची टेस्ट, बाहेरच्या पार्टीकडून करून घेतली. नाव टाकत नाही.

आमच्या ट्यूब अ‍ॅडमिरल्टी ब्रासच्या (पितळेच्या), ओडी म्हणजे बाहेरचा व्यास १९.०५ मिमी, जाडी १.२४, म्हणजे आतला बोअर साडेसोळा आणि हे लोक प्रोब घेऊन आले १४ मिमीचा! आत नुसता खुळखुळतोय, फिल फॅक्टर (प्रोब बोअरचा किती टक्के भाग भरतो ते) सत्तरच्या घरात, ८०-८५ तरी पाहिजे ना. वर कॅलिब्रेशनचा तुकडा (माहीत असलेल्या खोलीची भोकं मारलेला, मशीन सेट करायचा) तांब्याचा. अरे, या पितळेची कंडक्टिव्हिटी तांब्याच्या जेमतेम पाव, तांब्यावर २०-४०-६० टक्के खोलीची भोकं दाखवून पितळेची झीज कशी सांगणार? परत पाठवलं सरळ. जाताना स्टोअरमधला स्पेअर ट्यूबचा तुकडा दिला, म्हटलं यावर भोकं मारून आणा.

दुसऱ्या दिवशी आलेला पोरगा मात्र कामाचा निघाला. आमचं हायड्रोजेट (जोराच्या पाण्याने ट्यूब साफ करणं) नीट झालं नव्हतं तर तोच अडून बसला, "साहेब, स्केलमध्ये (आत जमलेल्या क्षारांच्या थरात) प्रोब अडकला तर माझाच जाणार." मग पुन्हा जेट मारलं. स्क्रीनवर आरपार भोकावरून प्रोब गेला की तिरका इंग्रजी आठ उमटतो आणि बाहेरचा खड्डा जितका उथळ तितका तो आठ फिरत जातो, तासभर बघत बसलो होतो. ट्यूब मध्ये मध्ये धरून ठेवणाऱ्या सपोर्ट प्लेटचा सिग्नल त्याने दोन फ्रिक्वेन्सी मिक्स करून घालवला. अ‍ॅब्सोल्यूट चॅनल पण मागून घ्या बरं का, ट्यूब हळूहळू लांबपर्यंत झिजली असेल तर नुसत्या डिफरन्शियलवर ते धड दिसत नाही, तो शेजारच्या दोन जागांमधला फरकच दाखवतो.

खात्री म्हणून रिपोर्टमध्ये ६५ टक्के झीज दाखवलेली एक ट्यूब काढून उभी चिरली. सांगितल्या जागी खड्डा होताच, पॉइंट मायक्रोमीटर लावला तर ०.४५ मिमी उरलेलं. इथे पैसे वसूल.

रिपोर्ट आठ दिवस उशिरा आला ते वेगळंच. आणि यांच्या ऑफिसमधला माणूस फोनवर म्हणत होता, बॉयलरच्या एअर हीटरच्या ट्यूब पण यातच करून टाकू. त्या कार्बन स्टीलच्या! पोरगाच म्हणाला, नको साहेब, लोखंडाला चुंबक लागतो, साध्या एडी करंटला तिथे जाडी कळत नाही, रिमोट फील्ड (लोखंडी ट्यूबसाठीची वेगळी पद्धत) नाहीतर आयरिस (अल्ट्रासॉनिकने जाडी मोजणारी) करा. पुढच्या वेळी तोच पोरगा येणार असेल तरच बोलावणार, आणि पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) प्रोबचा साइज आणि कॅलिब्रेशन ट्यूबचं मटेरियल आधीच लिहून.